थांबलेला पगार: नवा फॉर्म नको, आधी कारण लेखी मागा

आर्णी तालुक्यात श्रावणबाळ किंवा निराधार योजनेच्या पैशाला कोणी अनुदान म्हणत नाही, सगळे पगारच म्हणतात. हा पगार बंद झाला की घरातला मुलगा, सून किंवा शिकलेला नातू म्हाताऱ्या माणसाला गाडीवर बसवून तहसीलला नेतो. तिथे बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकू येते, ‘नाव यादीत दिसत नाही, नवीन फॉर्म भरा.’ मग सेतू केंद्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, फोटो, झेरॉक्स असा सगळा फेरा सुरू होतो. माझे म्हणणे असे, की हा नवा फॉर्म भरण्याआधी थांबावे. बंद झालेला पगार हा बहुतेक प्रकरणांत कोणी विचार करून घेतलेला निर्णय नसतो. तहसील, पोर्टल, आधार आणि बँक या साखळीत कुठेतरी एक कडी निसटलेली असते. ती कोणती, हे लेखी कळल्याशिवाय भरलेला नवा फॉर्म त्याच जागी जाऊन अडकतो, आणि जुन्या मंजुरीवरचा हक्क मात्र आपण आपल्याच हाताने सोडून दिलेला असतो.

साखळी समजायला योजना थोडी उलगडावी लागते. ६५ वर्षांखालील निराधार, विधवा, दिव्यांग यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. ६५ आणि पुढच्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. जुलै २०२३ च्या शासन निर्णयापासून दोन्हींची रक्कम दरमहा १,५०० रुपये आहे. दिव्यांगांसाठी ती नंतर आणखी वाढली. श्रावणबाळमध्ये दोन गट आहेत. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेले गट अ मध्ये येतात आणि त्यांच्या १,५०० पैकी २०० रुपये केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतून येतात, उरलेले १,३०० राज्याचे. वय ८० झाले की केंद्राचा वाटा ५०० होतो आणि राज्याचा १,०००. यादीत नाव नसलेले, पण उत्पन्नाच्या अटीत बसणारे गट ब मध्ये. त्यांचे सगळे पैसे राज्याचे. हा हिशोब पाठ करायला सांगत नाही, पण पासबुक वाचताना तो फार उपयोगी पडतो. गट अ मधल्या आजीच्या खात्यात २०० रुपयांची नोंद महिन्यामागून महिने येत असेल आणि १,३०० ची नोंद मध्येच थांबली असेल, तर केंद्राच्या यादीत ती जिवंत आणि पात्र आहे, हे बँकेच्या छापील कागदावरच सिद्ध झाले. मग ‘आधार बरोबर नाही’ किंवा ‘हयातीचा दाखला नाही’ ही उत्तरे तपासून घ्यायला हवीत. म्हणून तहसीलला जाण्याआधी बँकेत जाऊन पासबुक अद्ययावत छापून घ्यावे, निदान दोन वर्षांचे. ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावून ‘पैसे नाहीत’ एवढेच ऐकून परत येऊ नये. कधी कधी पैसे आलेले असतात आणि काढलेलेही असतात. तो वेगळाच प्रश्न, आणि त्याची तक्रार तहसीलकडे नव्हे तर बँकेकडे करायची.

आणखी एक गोष्ट घरातूनच तपासता येते. गावातल्या त्याच योजनेतल्या दोघांतिघांना विचारावे, त्यांचा पगार आला का. कोणाचाच आला नसेल तर निधीच आलेला नाही. तो उशीर आहे आणि त्यासाठी धावपळ करून हाती काही लागत नाही. इतरांचा आला आणि आपल्याच माणसाचा थांबला, तर प्रकरण व्यक्तीचे आहे.

व्यक्तीच्या प्रकरणांत अलीकडे सर्वांत मोठा वाटा आधार-जोडणीचा दिसतो, आणि त्याला कारण आहे. पूर्वी तहसील कार्यालय बँकेला लाभार्थ्यांची यादी आणि रक्कम पाठवत असे. खाते क्रमांक बरोबर असला की झाले. डिसेंबर २०२४ पासून राज्याने हे पैसे डीबीटी पोर्टलवरून थेट आधार-संलग्न खात्यात टाकायला सुरुवात केली. डीबीटीमध्ये पैसा खाते क्रमांकाकडे जात नाही, आधार क्रमांकाकडे जातो. आणि त्या आधारला कोणती बँक जोडलेली आहे हे राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या, नोंदीवरून ठरते. या नोंदीत एका वेळी एकच बँक असते, सर्वांत शेवटी जोडलेली. जुने खाते जिल्हा मध्यवर्ती बँकेत आणि मधल्या काळात कोणीतरी सांगितले म्हणून पोस्टात नवे खाते उघडले, तर पगार गुपचूप पोस्टाच्या खात्यात साचत असू शकतो. हे माणसाला न कळताही होते. २०१७ मध्ये एअरटेल पेमेंट्स बँकेच्या बाबतीत मोबाइलच्या पडताळणीसाठी दिलेल्या आधारवर ग्राहकांच्या नकळत खाती उघडली गेली आणि त्यांचे गॅस अनुदान तिकडे वळले. त्यावर आधार प्राधिकरणाने त्या बँकेची ई-केवायसीची परवानगी काही काळ थांबवली होती. म्हणून बँकेत ‘आधार लिंक आहे का’ असा प्रश्न विचारू नये. केवायसीसाठी दिलेले आधार हेही लिंकच असते आणि कर्मचारी प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणेल. ‘एनपीसीआय मॅपिंग या शाखेला आहे का, आणि चालू आहे का’ असे विचारावे. आधारला जोडलेला मोबाइल हाताशी असेल तर आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती ओटीपी टाकून दिसते, बँकेचे नावही दिसते. त्या पानाची छापील प्रत काढून ठेवावी.

खाते बरेच दिवस न वापरल्याने निष्क्रिय झाले, असेही उत्तर मिळते. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने सरकारी लाभासाठी उघडलेली शून्य शिलकीची खाती वेगळी ठेवायला सांगितले आहे, म्हणजे व्यवहार नाही म्हणून ती निष्क्रिय ठरू नयेत. निष्क्रिय खाते पुन्हा सुरू करण्यासाठी शुल्क घ्यायला तर साफ मनाई आहे. शाखेने ऐकले नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करावी, आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तो मार्ग मोफत आहे.

दुसरे मोठे कारण वयाचे. संजय गांधी योजनेतला माणूस ६५ ओलांडतो तेव्हा त्याचे नाव श्रावणबाळमध्ये वर्ग व्हावे लागते. एका यादीतून नाव उतरले आणि दुसरीत चढले नाही, की मधल्या मध्ये पगार जातो. याच्या उलटही घडते. पोडावर किंवा तांड्यावर जन्मलेल्या माणसाकडे जन्माचा दाखला कुठून असणार? आधार काढताना अंदाजे वर्ष सांगितले गेले आणि तारीख पडली १ जानेवारी. मतदार यादी आणि रेशनकार्डावरून माणूस सत्तरीचा, आधारवर मात्र त्रेसष्टचा. पोर्टल आधार पाहते, माणूस पाहत नाही. इथे एक गोष्ट ठामपणे सांगता येते, की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही. आधार प्राधिकरणानेच तसे जाहीर केले आहे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात-भरपाईच्या एका खटल्यात तेच ग्राह्य धरून शाळेच्या दाखल्यावरचे वय मानले. मूळ मंजुरीच्या वेळी जो वयाचा पुरावा तहसीलने स्वीकारला होता, तो त्या फाइलमध्ये आहे. आज आधारवर वेगळे वय दिसते म्हणून जुना पुरावा आपोआप खोटा ठरत नाही. नवा फॉर्म भरण्याचा खरा तोटा इथेच होतो, कारण नव्या अर्जात सगळी तपासणी पहिल्यापासून आणि आजच्या आधारवर होते.

तिसरे कारण ऐकायला विचित्र, पण कागदावर सर्वांत सोपे: माणूस ‘मयत’ दाखवला जाणे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर मुलांसोबत गेलेली म्हातारी पडताळणीच्या दिवशी गावात सापडली नाही, कोणीतरी ‘ती नाही आता’ म्हणाले, शेरा पडला. हयातीचा दाखला वेळेत पोहोचला नाही तरी परिणाम तोच. हे आपल्याकडेच होते असे नाही. हरियाणातल्या रोहतकला २०२२ मध्ये १०२ वर्षांच्या एका गृहस्थांनी, कागदोपत्री मृत ठरवून पेन्शन बंद केल्यावर, आपण जिवंत असल्याचे दाखवायला चक्क वाजतगाजत वरात काढली. त्यानंतर त्यांचे पेन्शन सुरू झाले. आर्णीत वरातीची गरज पडू नये. मृत्यूची नोंद ही १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत होते, तिला क्रमांक असतो. ‘मयत’ असा शेरा कोणी दाखवला की विचारावे, नोंदणी क्रमांक कोणता, तारीख कोणती. क्रमांक नसेल तर शेऱ्याला आधारच नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून, म्हणजे आपल्या जुन्या ग्रामसेवकाकडून, हयातीचा दाखला घेऊन माणसाला एकदा समोर उभे केले की हे प्रकरण मिटायला हवे.

आता तो अर्ज. साध्या कागदावर, तहसीलदारांच्या नावे, आणि ज्याचा पगार थांबला त्याच्याच नावाने व सहीने किंवा अंगठ्याने. नातवाच्या नावाने दिला तर ‘तुमचा काय संबंध’ म्हणायला जागा राहते. वर योजनेचे नाव, मंजुरीचा क्रमांक किंवा तारीख माहीत असेल तर ती, खाते क्रमांक, आधारचे शेवटचे चार अंक. मजकूर पाच-सहा ओळींचा पुरतो: ‘मला सदर योजनेचा लाभ अमुक वर्षापासून मिळत होता. अमुक महिन्यापासून रक्कम जमा झालेली नाही. लाभ थांबवल्याची कोणतीही नोटीस मला मिळालेली नाही. लाभ थांबवण्याचे कारण, तो आदेश कोणी व कोणत्या तारखेस दिला, आणि त्याआधी केलेल्या चौकशीचा अहवाल यांच्या प्रती मला द्याव्यात. कारण तांत्रिक असल्यास ते दूर करून जुन्याच मंजुरीवर, थांबलेल्या महिन्यापासूनच्या थकबाकीसह लाभ सुरू करावा.’ सोबत पासबुकाची प्रत, आधारची प्रत, सीडिंगच्या पानाची प्रत आणि ताजा हयातीचा दाखला. अर्ज टेबलावर ठेवून येऊ नये. आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. ‘थकबाकीसह’ हा एक शब्द गाळू नका. नव्या अर्जावर लाभ नव्या मंजुरीनंतर सुरू होतो. जुन्या मंजुरीवर मधल्या महिन्यांचा हिशोब मागता येतो. दहा महिन्यांचे १५,००० रुपये होतात, म्हातारीच्या औषधपाण्याला ही काही किरकोळ रक्कम नाही.

यावर कार्यालयातून येणारा आक्षेप पोकळ नाही, तो नीट ऐकायला हवा. बोगस लाभार्थी असतात. मेलेल्याच्या नावावर वर्षानुवर्षे पैसे उचलले जातात, एकच माणूस दोन योजनांत असतो, ज्याच्या घरापुढे ट्रॅक्टर उभा आहे त्याचे नाव निराधारात असते. मग छाननी करायची नाही का? करायलाच हवी. प्रश्न छाननीच्या क्रमाचा आहे. आधी बंद करून मग माणसाला सिद्ध करायला लावायचे, की आधी विचारून मग बंद करायचे? एखाद्याला मिळत असलेला लाभ काढून घेण्याआधी त्याचे म्हणणे ऐकणे हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व आहे. तेलंगणात संगणकीय छाननीने सुमारे १९ लाख रेशनकार्डे रद्द झाली, तेव्हा २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घरोघर जाऊन पुन्हा तपासायला सांगितले. आधारच्या बाबतीत तर प्राधिकरणाचेच २४ ऑक्टोबर २०१७ चे परिपत्रक आहे, की आधार नाही किंवा बोटांचे ठसे जुळले नाहीत म्हणून पात्र माणसाला लाभ नाकारू नये. दुसऱ्या मार्गाने ओळख पटवावी. उभे आयुष्य कापूस वेचलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, यात त्या माणसाचा काय दोष? डोळ्यांची किंवा चेहऱ्याची पडताळणी मागावी. सत्तरी ओलांडलेल्यांना आणि अपंगांना घरपोच बँकसेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच सांगून ठेवले आहे. बाजेवरच्या माणसाला रिक्षात घालून शाखेत नेण्याआधी व्यवस्थापकाला या सूचनेची लेखी आठवण करून द्यावी.

बोगसगिरीच्या मुद्द्याला दुसरीही बाजू आहे, ती उत्पन्नाच्या अटीची. सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे अख्ख्या कुटुंबासाठी महिन्याला १,७५०. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. एका कुटुंबाला शंभर दिवस काम मिळाले तर ३१,२०० होतात, आणि घरातली म्हातारी अपात्र ठरते! सरकारच्याच एका योजनेचे पूर्ण काम मिळाले तर सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून बाहेर, असा हा हिशोब आहे. ही मर्यादा वाढवणे हे काम मंत्रालयाचे. तहसीलच्या बाबूला त्यासाठी धारेवर धरण्यात अर्थ नाही. वाचकाने मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, चौकशीवरून निघतो, तेव्हा त्याला खरी माहिती द्यावी: वेगळे रेशनकार्ड, वेगळी चूल, शेत कोणाच्या सातबाऱ्यावर. आणि पगार उत्पन्नाच्या कारणाने बंद झाला असेल, तर ती कोणती रक्कम, कोणाची, कोणत्या कागदावरून धरली, हे लेखी मागावे. मुलाचे उत्पन्न आईच्या नावावर धरलेले असू शकते, आणि धरणे चूक असेल तर ते आकड्यानिशी दाखवता येते. खरोखरच अट ओलांडली असेल तर वाद घालू नये. खोटा दाखला काढून मिळवलेला पगार पुढे वसुलीसह अंगावर येतो.

‘पण हे अनुदान आहे, हक्क कुठे?’ असे काही शिकलेली माणसेही म्हणतात. १९८२ च्या नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन ही मेहेरबानी नव्हे असे म्हटले, ते सरकारी नोकरांच्या पेन्शनबद्दल होते, हे खरे. मात्र म्हातारपणच्या मदतीबद्दलही न्यायालय बोलले आहे. अन्नाच्या हक्काच्या पीयूसीएल खटल्यात २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने त्या वेळच्या राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेचे पैसे दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायला सांगितले. त्याच योजनेचे नाव २००७ मध्ये इंदिरा गांधींवरून पडले, आणि गट अ मधल्या २०० रुपयांचा उगम तोच. राज्यघटनेचे कलम ४१ राज्याला वृद्धापकाळात सहाय्य करायला सांगते. ही कलमे अर्जात लिहायची गरज नाही. ती लिहून अर्ज वकिली होतो आणि बाबू सावध होतो. पण ‘सरकार देते ते घ्या मुकाट्याने’ असे कोणी आजीला ऐकवले, तर घरच्यांना उत्तर माहीत असावे.

मग मधला सोपा रस्ता सुचवला जातो: एखाद्या ओळखीच्या कार्यकर्त्याला गाठा, दोन-तीन हजार द्या, काम होते. काम होतेही कधी कधी. पण तो माणूस बहुधा नवा फॉर्मच भरून देतो, त्यात वय किंवा पत्ता आपल्या सोयीने लिहितो, आणि पुढच्या पडताळणीत तोच खोटेपणा लाभार्थ्याच्या नावावर सापडतो. तालुक्याच्या निराधार समितीतल्या सदस्यांना भेटायला हरकत नाही, ते त्यांचे कामच आहे. मात्र हातात आवक क्रमांक असलेला अर्ज घेऊन भेटावे, पाकीट घेऊन नव्हे.

पोच घेऊन महिना उलटला आणि उत्तर नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा, तोही लाभार्थ्याच्याच नावाने. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘माझा अर्ज अमुक आवक क्रमांकाचा, त्यावर आजपर्यंत कोणी काय शेरा मारला त्याच्या प्रती द्या’ एवढे एकच वाक्य मागावे. लांबलचक प्रश्नावलीला लांबलचक टोलवाटोलवी मिळते. उत्तर आले नाही तर पहिले अपील, मग राज्य माहिती आयोगाचे अमरावती खंडपीठ. समांतरपणे ‘आपले सरकार’ तक्रार पोर्टल आहे, आणि यवतमाळला जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. सावळी सदोबा किंवा लोणबेहळकडच्या माणसाला यवतमाळ म्हणजे अख्खा दिवस आणि एसटीचा खर्च, म्हणून एकाच गावातली चार-पाच प्रकरणे असतील तर एका माणसाने सगळ्यांचे वेगवेगळे अर्ज घेऊन जावे. एकत्र सह्यांचे निवेदन मात्र देऊ नये, कारण प्रत्येकाचे कारण वेगळे आणि उत्तरही वेगळे लागते. वकील लागलाच तर विधी सेवा प्राधिकरण मोफत देते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. फोनवर विचारायचे असेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे.

पगार सुरू झाला की पहिल्या जमा रकमेची नोंद पासबुकात पाहावी. थकबाकी आली नसेल तर त्यासाठी स्वतंत्र अर्ज, जुन्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून, लगेच द्यावा. वर्ष उलटू देऊ नये. त्यानंतर आधारला जोडलेली बँक बदलू नये, कोणी नव्या खात्याचा आग्रह धरला तरी. आणि पुढचा हयातीचा दाखला देतानाही दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा.